पश्चिमेला ठेवलेलं गाठोडं

हे भूगोल शिकवायचे आणि पाण्याला भ्यायचे. वसमतमध्ये दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या आणि त्यांत काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. भरती-ओहोटी शिकवावी तर यांनीच. निळ्या खडूनं फळाभर पाणी काढायचे. चंद्र कुठं, पृथ्वी कुठं, पाणी कसं फुगतं आणि कसं मागं सरतं, हे दोन्ही हात पसरून दाखवायचे. आणि त्याच आठवड्यात परभणीला जायचं निघालं की पूर्णेचा पूल यायच्या आधी एसटीत डोळे मिटून बसायचे. "जरा डोळा लागला," म्हणायचे. पूल संपला की झोपही संपायची.

गेल्या भाद्रपदात हे गेले. शाळेतले लोक म्हणतात, सरांच्या शिस्तीबद्दल लिहा, अक्षराबद्दल लिहा. तेही लिहीन कधीतरी. आधी मला समुद्राबद्दल लिहायचं आहे. थोडं थोडं लिहिते आहे, जमेल तसं.

पाण्याच्या भीतीचं कारण साधं होतं. लहानपणी हट्टा या यांच्या गावी, शेतातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून, चुलत्यानं यांना पोहायला ढकललं होतं. डब्याची दोरी सुटली. चुलत्यानं लगेच उडी मारून वर काढलं, नाकातोंडात पाणी गेलं एवढंच. पण तेव्हापासून बादलीपेक्षा मोठ्या पाण्याशी यांनी संबंध ठेवला नाही.

माझं उलट होतं. माझं माहेर पुसेगावचं. तिथं उन्हाळ्यात ओढ्याचं पात्र कोरडं पडायचं, आणि त्या कोरड्या वाळूत बसून मी वाचनालयातली पुस्तकं वाचायची. पुस्तकांत समुद्र फार असायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सहामाहीचे पेपर तपासता तपासता, मी यांना म्हणाले, "मला एकदा समुद्र बघायचाय. तुमच्यासोबत." दागिना मागितला नव्हता, साडी मागितली नव्हती. नव्वदीची नुकती सुरुवात होती आणि आमच्या ओळखीत समुद्र पाहिलेली माणसं थोडीच होती. त्यामुळं मागणी मोठी आहे की लहान हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

यांनी आधी पेपरांचा गठ्ठा संपवला. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "बाई, समुद्र बघायचाच आहे ना, मग भूमध्य समुद्र बघू."

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. मुली मला बाई म्हणायच्या, म्हणून घरी हेही बाई म्हणायचे. मी चिडले की यांना सर म्हणायची.

"सर, मध्ये अरबी समुद्र लागतो की."

"लागू दे. कोकणातला समुद्र दिवसातून दोनदा अंगावर येतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. जिथं आहे तिथं राहतो. शहाण्या माणसासारखा."

तेव्हाच मला सगळं कळलं. यांना माझी मागणी मोडायची नव्हती आणि समुद्राजवळही जायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी साधायच्या तर समुद्र जितका लांबचा, तितका बरा. मी हसले आणि म्हणाले, "बरं." कारण एक गोष्ट यांनाही ठाऊक नव्हती. मला वाट बघायची सवय होती.

शाळेत नवे नकाशे आले तेव्हा युरोपचा जुना, कडा फाटलेला भिंतीवरचा नकाशा टाकून देणार होते. हे तो घरी घेऊन आले. लोकांच्या बैठकीत देवांची कॅलेंडरं असतात, तिथं आमच्याकडं युरोप लटकला. संध्याकाळी दिवा लावून झाला की हे पट्टी घेऊन नकाशासमोर उभे राहायचे आणि मी खाली बसून भाजी निवडायची. असा आमचा प्रवास सुरू झाला. बार्सिलोना, मार्सेल, नीस, जिनोआ. किनाऱ्यानं रेल्वे आहे हे यांनी कुठल्याशा पुस्तकात शोधून काढलं होतं. पण रेल्वे असली तरी नियोजन एसटीचंच. "मार्सेलला गाडी बदलायची. तिथं चहा घ्यायचा. पुढची गाडी मिळेपर्यंत सामानापाशी तू थांबायचं, मी चौकशी करून येतो."

"कुणाशी करता चौकशी? कुठल्या भाषेत?"

"चौकशीला भाषा लागत नाही. गावाचं नाव घ्यायचं आणि भुवया वर करायच्या."

आमच्याकडं गाडीत शिरताना माणूस आधी ऊन कुठल्या बाजूला येणार याचा हिशेब करतो. सावलीच्या बाजूची जागा मिळाली की निम्मा प्रवास सुखाचा झाला. यांनी तोच हिशेब नकाशावर मांडला. मार्सेलहून पूर्वेला जायचं म्हणजे दक्षिण उजव्या हाताला. समुद्रही उजव्या हाताला. ऊनही उजव्याच हाताला. येताना दोन्ही डाव्या हाताला. हे पट्टी खाली करून बराच वेळ उभे राहिले.

"समुद्राची बाजू आणि उन्हाची बाजू एकच आहे," शेवटी म्हणाले. एखाद्या विद्यार्थ्याचा निकाल वाईट लागावा तसा चेहरा.

"मग?"

"मग तू खिडकीत बस. मी तुझ्या अलीकडं बसतो. तुझी सावली पडेल माझ्यावर."

"आणि समुद्र?"

"तो तू मला सांगत जा."

माझ्या जाऊबाई हट्ट्याला राहायच्या. यांचे थोरले भाऊ आणि त्या शेती बघायचे. आमचा त्यात हिस्सा होता, पण घाम त्यांचाच होता. आम्हाला मूल नव्हतं. जाऊबाईंचा मुलगा पाचवीपासून आमच्याकडं वसमतला शिकायला होता, त्यामुळं त्या आठ-पंधरा दिवसांनी पिशवी भरून यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा नकाशाकडं बघून म्हणाल्या, "हे काय लावलंय, भाऊजी?"

"उन्हाळ्यात फिरायला जायची जागा आहे, वहिनी. तिकडं फार छान ऊन पडतं. दुनियेतले लोक तिथं ऊन खायला येतात."

जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली. बाहेर मे महिना होता. अंगणातल्या पत्र्यावर हात ठेवला असता तर कातडी निघाली असती.

"काय खायला?"

"ऊन."

"तिकडं पडत न्हाई का?"

"पडतं, तेच तर म्हणतोय. म्हणून तर येतात."

"तसं न्हाई. त्या येणाऱ्यांच्या घरी पडत न्हाई का?"

"नाही पडत. थंड मुलूख आहे त्यांचा."

"मग त्यान्ला हट्ट्याला बोलवा की. आमी फुकट देऊ. दुपारचं तर डोक्यावर घेऊन जा म्हणावं, पाटीभर." आणि मग माझ्याकडं वळून, "अगं मास्तरीनबाई, तुजा नवरा उन्हातून उठून उन्हात चाललाय, आन् तू गुमान वांगे चिरून राहिलीस. कसं व्हायचं तुमचं?"

यांना मात्र राग यायचा नाही. उलट जाऊबाई हा यांचा सर्वांत आवडता वर्ग होता. यांनी त्यांना समजावलं की भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. जाऊबाईंना ते मुळीच पटलं नाही. "हिवाळ्यात? मग पेरतात कवा? आन् उगवलेलं थंडीनं गारठत न्हाई का?" यांनी गहू, द्राक्षं, ऑलिव्ह सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "उलटा कारभार हाय. असल्या गावात मुक्काम करू नये."

ऑलिव्हवरून आठवलं. यांचं म्हणणं, तिकडं सगळा स्वयंपाक त्याच तेलात होतो, तेव्हा पोटाला आधीपासून सवय हवी. वसमतमध्ये तेव्हा ते तेल मिळायचं फक्त औषधाच्या दुकानात, छोट्या डब्यात, बाळाच्या मालिशीसाठी. हे आणायला गेले. दुकानदारानं आनंदानं विचारलं, "सर, घरात लेकरू आलं व्हय? कितवा महिना?"

"लेकरू नाही," हे म्हणाले, "आम्हाला भाकरीवर घालून खायचंय."

दुकानदारानं डबा दिला, पण डब्यासोबत पोट साफ व्हायच्या गोळ्याही पुढं केल्या. त्या दिवशी ठेच्यावर ते तेल घालून आम्ही भाकरी खाल्ली. मला ते कच्च्या गवतासारखं लागलं. हे मात्र मन लावून खात होते. मी विचारलं, "कसं आहे?" तर म्हणाले, "फ्रान्समध्ये बरं लागेल." उरलेलं तेल जाऊबाईंनी गुडघ्यांना लावून संपवलं आणि गुण आल्याचं सांगितलं.

जायचं कधी, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. मे महिन्यात लग्नं. लग्नं चुकवली तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. जूनला शाळा आणि पेरणी. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, त्या सोडून जायचं नाव काढायची सोय नाही. पुढं सोयाबीन, कापूस. दिवाळीनंतर तिकडं पाऊस. फेब्रुवारी-मार्चला हळदीची काढणी, शिजवणं, वाळवणं. तेव्हा हेही रजा काढून हट्ट्याला जायचे आणि पिवळे होऊन यायचे. एप्रिलला परीक्षा. हे दर वर्षी नव्या उत्साहानं महिने चाळायचे आणि दर वर्षी एकही मोकळा सापडायचा नाही.

"बघ, काय करणार," हे म्हणायचे. आवाजात दुःख असायचं, पण खांदे हलके झालेले दिसायचे.

"काही करू नका," मी म्हणायची. "समुद्र काय पळून चालला नाही. तुम्हीच सांगितलंय, जिथं आहे तिथं राहतो."

अशी वर्षं गेली. हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि हे जिल्ह्याचा नवा नकाशा शिकवू लागले. पुतण्या इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्नही झालं. आणि मग एक दिवस त्याच्या कंपनीनं त्याला दोन-अडीच वर्षांसाठी जिथं पाठवलं ते गाव नीसच्या अगदी शेजारी होतं. त्याला ही बातमी देताना हसू आवरत नव्हतं. "काका, तुमचा नकाशा खरा निघाला," तो फोनवर म्हणाला. "तुम्ही दोघं या आता. राहायला माझी जागा आहे. आधी पासपोर्ट काढा."

आमच्याकडं कुणी बोलावलं की "येतो की" म्हणायचं असतं. तो होकार नसतो, ती रीत असते. बोलावणाऱ्याचा मान राहतो, जाणाऱ्याचं काही जात नाही. हेही म्हणाले, "येतो, येतो. येणारच." आणि फोन ठेवला. त्या वेळी जाऊबाई आमच्याकडंच होत्या, यांच्या शेजारी कान देऊन उभ्या. एरवी त्यांच्याइतकं ही रीत जाणणारं कुणी नव्हतं. पण परदेशी राहणारा तो त्यांचा मुलगा होता. त्याला कुणीतरी आपल्या डोळ्यांनी बघून यावं, तो काय खातो, वाळला का, हे येऊन सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ते "येणारच" खरं धरलं. पासपोर्ट निघाले तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

पुढच्या खेपेला त्या पंचांग बघूनच आल्या. "लांबच्या वाटंला येत्या बुधवारचा दिवस चांगला हाय. म्होरं कैक महिने असा दिवस न्हाई."

"अहो वहिनी, बुधवारी कसं निघणार? व्हिसा नाही, तिकीट नाही."

"तुमी नका निघू. परस्तान निघू द्या."

लांबच्या यात्रेला निघणाऱ्याला मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नसेल, तर त्याच्या वापरातली वस्तू, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून त्या दिवशी जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला; उरलेला माणूस मागून सवडीनं जातो. काशीला जाणाऱ्यांसाठी पूर्वी असं ठेवायचे. फ्रान्ससाठी कुणी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला वाटलं, हे हसण्यावारी नेतील. पण जाऊबाईंनी शब्द टाकला की यांना नाही म्हणता येत नसे. "कुठली दिशा, भाऊजी?" त्यांनी विचारलं, आणि भूगोलाचा प्रश्न आल्यावर हे भानच विसरले. "पश्चिम. थोडं उत्तरेला झुकून." आमच्या गल्लीत त्या अंगाला एकच घर होतं, शिवणकाम करणाऱ्या काकूंचं. जाऊबाईंनी माझी एक साडी आणि यांची पँट घेतली. पँट साधी नव्हती. प्रवासासाठी म्हणून यांनी खास शिवून घेतलेली, करड्या रंगाची, आतून चोरखिसा असलेली एकुलती एक. सगळं एका धडप्यात बांधून त्यांनी बुधवारी सकाळी काकूंच्या कपाटावर नेऊन ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि येऊन यांना म्हणाल्या, "झालं. निघालात तुमी. आता गाठोडं माघारी आणायचं न्हाई. गेल्याबिगर आणलं तर बरं नसतं."

ते गाठोडं अजून काकूंकडंच आहे; आमचं जाणं व्हायच्या आधीच हे गेले. यांच्या तेराव्याला काकू आल्या होत्या. दोनदा काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. मी विचारलं नाही. त्यांनीही आणून दिलं नाही.

पण तेव्हा गंमतच झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला यांना बरी पँट हवी होती. मी म्हणाले, "ती निघालीय."

"उद्याच्या दिवस मागून आणू?"

"आणा. तुमच्या वहिनींना सांगा मार्सेलहून परत आली म्हणून."

हे गुडघ्यावर चमक आलेली जुनी पँट घालून गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर यांनी गंभीरपणे सांगितलं, "चांगली पँट प्रवासात आहे." ती गोष्ट गावभर झाली. मंडईत, बँकेत, बसस्टँडवर लोक विचारायला लागले, "काय सर, पँट कुठपर्यंत पोचली?" हेही रोज नवीन गाव सांगायचे. कधी इराण, कधी ग्रीस. एकदा हळदीच्या बाजारात कुणी विचारलं, तर म्हणाले, "सुएझला अडकलीय, कालव्यात गर्दी आहे." पाण्याला भिणारी माणसं पाण्याबद्दल किती मोकळेपणानं थापा मारतात, हे मी तेव्हा बघितलं.

थट्टा चालू होती, पण दिवस मोजके होत चालले होते. पुतण्यानं फोनवर सांगितलं की पुढच्या दिवाळीला त्याची तिथली मुदत संपते. यायचं तर त्याआधी. दसऱ्यानंतर लगेच या, तेव्हा गर्दी नसते, ऊनही कोवळं असतं. मग त्यानं मोठ्या आनंदानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यानं जागा बदलली होती. नवी जागा अगदी समुद्रावर होती. गॅलरीत उभं राहिलं की खाली पाणीच.

यांनी "वा, वा" म्हटलं. फोन ठेवला. त्या संध्याकाळी हे नकाशासमोर उभे राहिले नाहीत. पेपर घेऊन बसले आणि एकाच पानावर बसून राहिले. मी भाजी निवडून, कढई ठेवून आले तरी तेच पान.

दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "बाई, असं करतेस का? तू जा. त्याची बायको आहे तिथं, तुला सोबत होईल. वहिनींनाही बरं वाटेल. माझं तिथं काय काम? मी सगळं सांगतो तुला, कुठं उतरायचं, काय बघायचं."

यांची मला टर उडवता आली असती. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. पण हे माझ्याकडं बघत नव्हते, चष्मा पुसत होते, आणि काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मी म्हणाले, "मला एकटीनं समुद्र बघायचा असता तर मी केव्हाच मुंबईची गाडी धरली असती. त्याला नकाशा लागत नाही."

यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी तेव्हा काय म्हणाले होते ते आठवतं का तुम्हाला?"

"आठवतं," हे म्हणाले. "दोन वाक्यं होती. दुसरं वाक्य अवघड होतं."

तो विषय तिथंच राहिला. पण संक्रांतीनंतरच्या एका रविवारी हे सकाळीच आंघोळ करून तयार झाले आणि म्हणाले, "चल. सिद्धेश्वरला जाऊन येऊ. धरण भरलेलं आहे म्हणतात."

"धरणावर? तुम्ही?"

"सराव नको का? तेलाचा केला, तसा पाण्याचाही करावा लागेल."

वाटेत हट्ट्याला जाऊबाईंना घेतलं. त्यांनी बाजरीच्या भाकरी, तिळाची चटणी, वांग्याचं भरीत असं बांधून घेतलं होतं, आणि कशाला चाललोय हे कळल्यावर त्या जीपमध्ये पोट धरून हसल्या. "आगं आई! भाऊजी धरणात पाय घालणार! काहून मला आदी सांगितलं न्हाई? सारा गाव घेऊन आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," हे म्हणाले.

भिंतीपासून बरंच लांब, गुरं पाण्यावर उतरतात तिथं उतार मऊ होता. पाणी निळं होतं आणि पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. वारा होता. लहान लहान लाटा काठावरच्या मातीला लागून परत जात होत्या. थोड्या अंतरावर एक म्हातारबाबा म्हशीला पाण्यात बसवून चोळत होते. हे उन्हात उभे राहून पाण्याकडं बघत होते. एखाद्या ओळखीच्या पण न पटणाऱ्या माणसाकडं बघावं तसे.

मग यांनी चपला काढल्या. पँटच्या घड्या घातल्या. एक घडी घालायची, थांबायचं, पाण्याकडं बघायचं, दुसरी घालायची. जाऊबाई दगडावर बसून भाकऱ्या सोडत होत्या. "भाऊजी, पँट वर करून राहिलात का नवरदेवाचा फेटा बांधून राहिलात? दिवस मावळंल."

यांनी माझा हात धरला. संक्रांतीची थंडी होती, पण यांचा तळवा घामानं ओला होता. आम्ही निघालो. पहिल्या पावलाला चिखल, दुसऱ्याला पाणी. पाणी बर्फासारखं गार. यांनी डोळे मिटले.

"मास्तर!" म्हशीवाले बाबा ओरडले. "काय हरवलं का पाण्यात? मी शोधू का?"

"न्हाई बाबा," हे डोळे मिटूनच म्हणाले. घाबरले की यांची पुस्तकी भाषा सुटायची आणि हट्ट्याची वर यायची. "सराव करून राहिलोय."

"काहाचा?"

"समुद्राचा."

बाबांनी म्हशीकडं बघितलं, जणू तिला काही ठाऊक असावं. मग म्हणाले, "करा, करा. आमच्या म्हशीला बी आदी भ्या वाटायचं."

जाऊबाई इतक्या हसल्या की भरीत सांडता सांडता राहिलं. मलाही हसू आलं, आणि माझ्या हसण्यानं यांचा हात हलला तसा यांनी तो आणखी घट्ट धरला. घोट्यापर्यंत आलो. पोटरीपर्यंत आलो. हे थांबले.

"किती आलो?"

"डोळे उघडून बघा की."

"तू सांग."

"मी नाही सांगणार. इथं तुमची सावली माझ्यावर पडलीय, तुम्हीच बघा."

यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली. पाण्यात आमची चारही पावलं दिसत होती, वाकडी आणि पांढरी. एक लाट आली, पोटऱ्यांना लागली आणि गेली. यांचा श्वास मला ऐकू येत होता, आधी भरभर, मग हळू. माझ्या बोटांवरची पकड सैल झाली, पण हात सुटला नाही. आणि मग, मी ओढलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं, यांनी आपण होऊन आणखी एक पाऊल पुढं टाकलं. पँटची घडी भिजली.

"भिजली," हे म्हणाले.

"वाळेल. ऊन आहे."

"दसऱ्यानंतर किती गार असेल गं तिकडचं पाणी?"

"तुम्ही भूगोलाचे. मला काय विचारता?"

"पुस्तकात आहे. पण ते पायाला कळत नाही."

काठावरून जाऊबाईंनी हाक मारली, भाकरी वातड होतेय म्हणून. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली, या वेळी वैतागून. "आता काय तिथंच घर बांधता का?"

यांनी मागं वळून बघितलं नाही. समोर लांबवर नुसतं पाणी होतं आणि हे ते बघत होते, उघड्या डोळ्यांनी.

"तू हो पुढं," मला म्हणाले, "मी येतो."

मी गेले नाही.